बारा फुटांवरून फरक पडत नाही

आमच्या विट्याच्या घरातला टीव्ही ४३ इंची आहे. तीन वर्षांपूर्वी मला पहिल्यांदा बरा म्हणावा असा बोनस मिळाला, त्यातून मी तो घेतला. खोक्यावर ‘फुल एचडी’ असं ठळक छापलेलं होतं आणि मी ते बाबांना दोनदा वाचून दाखवलं होतं. त्याला जोडलेला डीटीएचचा बॉक्स मात्र जुनाच राहिला, एसडी. म्हणजे विहीर खोल करायची, काठ बांधून घ्यायचा आणि पाणी फुटक्या पोहऱ्यानेच शेंदायचं, तसला प्रकार. माझ्या हे लक्षातही आलं नाही. मी घरी असते तेव्हा टीव्हीकडे कुठे बघते? मोबाइलकडे बघते.

गेल्या दिवाळीत कंपनीचा मेसेज आला. कनेक्शन माझ्या नंबरवर आहे, त्यामुळे असले मेसेज मलाच येतात. एचडी बॉक्सचे हजार-बाराशे, आणि मराठी वाहिन्या एचडीत घेतल्या तर महिन्याला साधारण सव्वाशे रुपये जास्त. रात्री जेवताना मी विषय काढला.

“कशाला?” बाबा म्हणाले. “तीच सासू, तीच सून. जरा स्वच्छ दिसणार, एवढंच ना? काही फरक पडत नाही.”

आईला विचारलं. ती माझ्या ताटात भाकरी टाकत म्हणाली, “चालतंय की. दिसतंय आपलं.”

दोन मतं, दोन्ही विरोधात. ठराव फेटाळला. मीही मान डोलावली. खरं सांगायचं तर मला जरा बरंच वाटलं. ‘आपले आई-वडील किती समाधानी आहेत’ असं म्हणून स्वतःवरच खूश व्हायची एक सोय आपल्या पिढीकडे असते. महिन्याला चार-चार ओटीटी भरणारे आपण, आणि ते बघा.

पण इंजिनिअर माणसाला एक खोड असते. ‘फरक पडत नाही’ असं कुणी म्हटलं की विचारावंसं वाटतं, किती पडत नाही? मोजलंय का?

म्हणून मोजलं. गणित शाळेतलंच आहे, तुम्हीही तुमच्या घरी करू शकता.

आपल्याकडच्या एसडी चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात. फुल एचडीत १९२० गुणिले १०८०. गुणाकार करून बघा, बरोबर पाचपट येतात. आता डोळ्याचं. साधारण निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात, त्याहून जवळ असल्या की त्या एक होतात. एक मीटरवरून हा कोन म्हणजे सुमारे ०.२९ मिलिमीटर. ४३ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची साधारण साडेत्रेपन्न सेंटिमीटर. तिला ५७६ ने भागलं की एसडीची एक ओळ ०.९३ मिलिमीटर जाडीची येते, १०८० ने भागलं की एचडीची ओळ अर्ध्या मिलिमीटरची. म्हणजे ढोबळ हिशेबाने ३.२ मीटरच्या, साडेदहा फुटांच्या पलीकडे बसलात तर एसडीच्या ओळीसुद्धा डोळ्याला सुट्या दिसत नाहीत. तिथून एचडी घेऊन फारसा उपयोग नाही. साडेदहा फुटांच्या आत जसजसे याल तसतसा फरक दिसायला लागतो, आणि साडेपाच फुटांपर्यंत तो वाढत जातो.

मी टेप घेऊन हॉलमध्ये गेले. बाबांची खुर्ची पडद्यापासून बारा फुटांवर, भिंतीला टेकून. पंखा डोक्यावर, रिमोट हातात. बाबा शंभर टक्के खरं बोलत होते. त्यांना काही फरक पडत नव्हता, पडणारही नव्हता.

मग आई कुठे बसते ते बघितलं. स्वयंपाकघराच्या दाराशी, जमिनीवर, पाटावर. समोर मेथीची जुडी नाहीतर हातशिलाईला घेतलेलं कापड. पडद्यापासून सहा फूट.

म्हणजे घरात चार भिंतींच्या आत दोन वेगळे टीव्ही होते. एकात सगळं ठीक दिसत होतं. दुसऱ्यात चेहऱ्यांच्या कडा फाटलेल्या, कुणी मान जोरात वळवली की गालाचे चौकोनी ठोकळे होणारे, आणि खालच्या पट्टीवरची अक्षरं एकमेकांत मिसळलेली. आणि घरात कुठलं चित्र पुरेसं आहे हा निर्णय बारा फुटांवरून झाला होता.

इथपर्यंत वाचून बाबांवर रागावू नका. त्यांची बाजू हलकी नाही. एकतीस वर्षं एसटीत वाहक म्हणून काढली, सुट्ट्या पैशांचा हिशेब रोज रात्री जमवला. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे त्यांच्यासाठी भिंतीवर लावायचं वाक्य नाही, त्यावर त्यांनी दोन पोरींची शिक्षणं केली. ते एकदा म्हणाले, “आम्ही शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून ब्लॅक अँड व्हाइटवर ‘रामायण’ बघितलं. राम सावळा दिसतोय का, असं कुणी विचारलं नाही.” १९८७-८८ च्या रविवार सकाळी अख्ख्या गल्लीला जे पुरलं, ते आज तीन माणसांना का पुरू नये?

या प्रश्नामागे जुनं शहाणपण आहे. एपिक्युरस नावाचा ग्रीक तत्त्वज्ञ इच्छांची वर्गवारी करायचा. काही नैसर्गिक आणि आवश्यक, काही नैसर्गिक पण आवश्यक नसलेल्या, काही निव्वळ पोकळ. एचडी बॉक्स कुठल्या खणात जाईल हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही. अठराव्या शतकात दिदेरो या फ्रेंच लेखकाने आपला जुना अंगरखा टाकून नवा, झोकदार लाल अंगरखा घेतला. त्याच्यापुढे घरातली वेताची खुर्ची भिकार दिसायला लागली, मग टेबल, मग भिंतीवरची चित्रं. एकेक करत सगळं बदललं आणि दिदेरो आपल्या जुन्या अंगरख्याच्या आठवणीने हळहळत बसला. आमच्याकडे हेच झालं होतं की! मी टीव्ही घेतला नसता तर बॉक्स जुना आहे असं कुणाला वाटलं असतं?

आणि मी तर या धंद्यातलीच. मी ज्या अ‍ॅपवर काम करते, त्याच्या जुन्या आवृत्त्यांचा सपोर्ट आम्ही गेल्या वर्षी बंद केला. जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांची ग्राफवरची पट्टी इतकी बारीक होती की प्रोजेक्टरवर दिसतही नव्हती. ‘फरक पडत नाही’ हे वाक्य त्या मीटिंगमध्ये मीच म्हणाले होते. ते नेमकं किती फुटांवरून म्हणाले, हे आता विचारावंसं वाटतं.

तर, बाबांचं म्हणणं दोन ठिकाणी अडतं असं मला वाटतं.

पहिलं असं की, आपण जागचे हललो नाही तरी जग हलतं. अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली लिहिलं की तागाचा सदरा जगायला लागत नाही, ग्रीक-रोमन लोक त्याच्याशिवाय मजेत जगले. पण त्याच्या काळात साध्या रोजंदारीवरच्या माणसालाही त्या सदऱ्याशिवाय चारचौघांत जायची लाज वाटे, म्हणून तो गरजेत मोडतो. टीव्हीचंही तसंच. १९८७ मध्ये कॅमेरा, प्रक्षेपण आणि ओसरीवरचा डबा, सगळे एकाच तोलाचे होते. २०१६ मध्ये मोठ्या मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या आल्या. आता मालिका एचडीसाठीच चित्रित होते, अक्षरांची पट्टी मोठ्या स्वच्छ पडद्याच्या हिशेबाने आखली जाते, आणि तेच चित्र दाबून, आकसून एसडीवर पोचतं. ‘आहे तेच पुरे’ म्हणताना आपल्याला वाटतं की ‘आहे ते’ तसंच राहतं. ते राहत नाही.

दुसरी अडचण मोठी आहे. ‘पुरे’ हा शब्द आपण स्वतःबद्दल म्हटला की त्याला संयम म्हणतात. दुसऱ्याच्या वतीने म्हटला की त्याला काय म्हणायचं?

तुम्ही म्हणाल, पण आईनेही ‘चालतंय’ म्हटलं होतं. तिचं मत तिने दिलं, आता तू कोण?

हा प्रश्न मला दोन दिवस छळत होता. कोल्ह्याला द्राक्षं आंबट ही गोष्ट आपण शाळेत ऐकतो आणि कोल्ह्याला हसतो. यॉन एल्स्टर या नॉर्वेजियन विचारवंताने १९८३ मध्ये याच गोष्टीवर एक पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा असा, की जे मिळणार नाही ते नकोच वाटायला लागणं ही मनाची एक यंत्रणा आहे, आणि ती आपल्याला नकळत चालते. अमर्त्य सेन यांनी हेच गरिबीच्या आणि बाईच्या संदर्भात मांडलं: कायम कमीत राहिलेला माणूस आपल्या अपेक्षा इतक्या कापून घेतो की विचारल्यावर तो ‘बरं चाललंय’ असंच सांगतो. म्हणून नुसतं विचारून माणसाचं बरं-वाईट कळत नाही.

पण या विचाराला दुसरी धार आहे. ‘तुझं समाधान खरं नाही, ते परिस्थितीने घडवलंय’ असं म्हणून मी आईचं ‘चालतंय’ रद्द केलं, तर मी वेगळं काय केलं? बाबांनी तिच्या वतीने नाही म्हटलं, मी तिच्या वतीने हो म्हणणार. कनेक्शन माझ्या नंबरवर. अ‍ॅप उघडायचं, एक बटण दाबायचं, परवा माणूस दारात हजर. आई म्हणाली असती, “कशाला गं उगाच,” आणि मी पुण्याला जाताना बसमध्ये स्वतःवर खूश झाले असते. घरातली तिसरी खुर्ची ही माझी होती, आणि ती दोनेकशे किलोमीटरवर होती.

म्हणून बटण दाबलं नाही. दुसऱ्या दिवशी आईशेजारी जाऊन बसले आणि तिच्याबरोबर मालिका बघितली. पूर्ण, जाहिरातींसकट. हे मी कितीतरी वर्षांत केलं नव्हतं.

वीसेक मिनिटांनी मला कळलं की आई मालिका बघत नाहीये. म्हणजे बघतेय, पण संवादांकडे तिचं लक्षच नाही. सून पाठमोरी झाली की आई पुढे झुकायची. कॅमेरा चेहऱ्यावर गेला की मागे व्हायची.

“काय बघतेस?”

“गळा,” आई म्हणाली. “पाठीचा गळा बघ की तिचा. मटका आहे का पान, कळंना झालंय. कडेला पायपिंग आहे का नुसती लेस?”

आई ब्लाउज शिवते. मला आठवतं तेव्हापासून शिवते. लग्नसराईत गल्लीतल्या, पेठेतल्या बायका येतात आणि सांगतात, अमक्या मालिकेतल्या तमकीचं परवाच्या भागात होतं तसं शिवा. फोटो आणणाऱ्या थोड्या, वर्णन करणाऱ्या जास्त. मग आई रात्री बघते. शिलाई मशिनच्या खणात तिची एक वही आहे, जुनी, रेघांची. तिच्यात गळ्यांची चित्रं काढलेली. कितीतरी चित्रांशेजारी प्रश्नचिन्ह होतं. दिसलं नाही, म्हणून.

आमच्या घरात या सगळ्याला ‘आई मालिका बघत बसते’ असं म्हणतात. मीही तेच म्हणत आले.

रात्री मी बाबांना म्हटलं, एक भाग तुम्ही आईच्या जागेवरून बघा. गुडघ्यांमुळे त्यांना पाटावर बसवेना, मग स्टूल आणलं. पाच मिनिटं बघितलं. डोळे बारीक केले. “हे असं दिसतंय होय,” म्हणाले. आणि मग वाहकाच्या तत्परतेने तोडगा दिला, “मग तू मागं बस की. तिथनं झ्याक दिसतं.”

आई हसली. “मागं बसून गळा कसा दिसायचा?”

त्या एका वाक्यात माझं अख्खं गणित होतं, खरं तर त्याच्या पुढचंही. मागे बसलं की ठोकळे दिसत नाहीत हे खरं. पण ठोकळे न दिसणं वेगळं आणि टाका दिसणं वेगळं. एसडीच्या चित्रात ती लेस, ते पायपिंग मुळात आलेलंच नाही. छत्तीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहावरून ते खाली उतरलंच नाही. लांब गेलं की उणीव नाहीशी होत नाही, फक्त जाणवेनाशी होते. बरेचसे समाधानी लोक बहुधा असेच मागे जाऊन बसलेले असतात.

यूट्यूबवर शोध, असं मी आईला सुचवून पाहिलं. तुमच्याही मनात आलं असेल. तिने ऐकून घेतलं. तिच्या हातात त्या वेळी सुई असते आणि मेथी असते, मोबाइल नसतो. आणि गिऱ्हाईक उद्या सकाळी येऊन आज रात्रीच्या भागाबद्दलच बोलणार असतं.

माझ्या गणितात एक गृहीतक होतं, ते म्हणजे निरोगी डोळा. म्हणून आधी तिच्या डोळ्यांची तपासणी केली. नंबर वाढला होता, नवा चष्मा झाला. त्याचा खर्च एचडी बॉक्सपेक्षा जास्त आला, आणि त्यावर घरात एक शब्दही चर्चा झाली नाही. डॉक्टरने लिहून दिलं म्हणजे गरज. नव्या चष्म्यातून आईला भाजी निवडताना बरं दिसायला लागलं आणि टीव्हीवरचे ठोकळे आणखी स्वच्छ.

मग तिने स्वतःच विचारलं, “महिन्याला किती म्हणालीस?”

“सव्वाशेच्या आसपास.”

तिने क्षणभर विचार केला. “अस्तरच्या ब्लाउजाची निम्मी शिलाई. मी देते.” बाबा काही बोलायला गेले, पण गिऱ्हाइकाचा हिशेब मांडल्यावर वाहक वाद घालत नाही. छपरावरची डिश तीच राहिली, तिच्या तोंडाची दिशा तीच राहिली. बॉक्स बदलला आणि एक केबल बदलली.

इथे लेख संपवला असता तर छान झालं असतं. आईला न्याय, बाबांना समज, मुलीला शाबासकी. पण पुण्याला परतताना एक गोष्ट टोचत राहिली, आणि ती अजून सुटलेली नाही.

२०१९ मध्ये ट्रायचे नवे दर लागू झाले आणि घरोघरी एकेक वाहिनी निवडायची वेळ आली, तेव्हा आमच्या यादीत सगळ्यात आधी खेळाच्या वाहिन्या आल्या. बाबांना क्रिकेट लागतं. त्यातून त्यांना काय मिळतं, असं कुणी विचारलं नाही. विचारायचं नसतंच. माणसाला एखादी गोष्ट बघायला आवडते, एवढं पुरतं.

आईच्या बाबतीत मात्र मला पुरावा लागला. वही लागली, गळे लागले, गिऱ्हाइकं लागली, निम्मी शिलाई लागली. तिची इच्छा कमाईच्या कामी येते हे सिद्ध झालं तेव्हा ती गरज ठरली. खटला मी जिंकला, पण कुठल्या कलमाखाली? समजा आई ब्लाउज शिवत नसती. समजा सहा फुटांवर बसून तिला फक्त स्वच्छ, सुंदर, पाचपट ठिपक्यांचं चित्र बघायला आवडलं असतं, कुणाच्याही उपयोगाचं नसलेलं. मग मी टेप घेऊन उठले असते का? बाबा स्टुलावर बसले असते का? आणि मुख्य म्हणजे, ‘मी देते’ हे ती स्वतः म्हणू शकली असती का?

मला वाटतं, गरज आणि चैन यांच्यातली रेघ वस्तूवर नसते. बॉक्स तोच, दर तोच. कुणाला आपल्या आवडीचं कारण द्यावं लागतं आणि कुणाला द्यावं लागत नाही, यावरून ती रेघ ओढली जाते. ज्याला कारण द्यावं लागत नाही त्याची चैनसुद्धा घरखर्चात धरली जाते. ज्याला द्यावं लागतं तो काही दिवसांनी मागायचंच सोडतो आणि ‘चालतंय की’ म्हणतो. अंथरूण पाहून पाय पसरायचे हे मान्य. पण आमच्या घरात अंथरूण कुणाच्या पायांनी मोजलं होतं?

परवा आईचा फोन आला. नवीन मटका गळ्याचं सांगेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “अगं, त्या मालिकेतली अंगणातली तुळस प्लास्टिकची आहे. इतकी वर्षं कळलंच नव्हतं.”

आणि बराच वेळ हसत राहिली. यातून कुठल्याही ब्लाउजाला काहीही उपयोग नव्हता.